पेन्सिल चालेल ना, बाई?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं तुला आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर आणायला तू आलास, त्या पहिल्या दिवशी टेबलावर दाखल नोंदवही उघडून तू विचारलं होतंस, ‘‘बाई, इथे वर पेन्सिलीने लिहिलं तर चालेल ना?’’ हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं! पण दाखल नोंदवही म्हणजे ग्रंथालयाचा सातबारा. पुस्तक आलं की पहिली नोंद तिथे. एका प्रतीला एक क्रमांक, आणि ती प्रत हरवो, फाटो, बाद होवो, तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही. व्हाइटनर तर लावायचाच नाही. यातलं काही तुला कुणी सांगितलं नव्हतं. तरी छापील रकान्यांच्या डोक्यावर आकडे लिहिण्याआधी तू विचारलंस आणि खिशातलं पेन खिशातच ठेवलंस.

मग लिहीत गेलास, मार्क २१चे आकडे; ग्रंथालयाच्या संगणकी नोंदींचा हा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक रकान्याला एक आकडा. ‘ग्रंथनाम’वर २४५. ‘लेखक’वर १००. ‘प्रकाशक’वर २६०. पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या ‘वर्गांक’वर ०८२, पुस्तकाच्या जागतिक ओळखक्रमांकावर, म्हणजे ‘आयएसबीएन’वर, ०२०. उरलेले रकाने त्या एका प्रतीपुरते, म्हणून ते सगळे ९५२च्या पोटात (हा आकडा कोहाचा स्वतःचा; कोहा म्हणजे आपण वापरतो ते ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर): दाखल तारीख ‘डी’, पुरवठादार ‘ई’, किंमत ‘जी’, आणि दाखल क्रमांक, जो पुढे बारकोड होणार, तो ‘पी’. मार्क २१ची हीच यादी याआधी पडद्यावर सरसर सरकताना पाहिली होती आणि एक अक्षर डोक्यात राहिलं नव्हतं. नोंदवहीच्या रकान्यांवर ती उतरली तेव्हा कळलं, की आपण आयुष्यभर मार्कच भरत आलोय, नुसते त्याला आकडे नव्हते.

आता आधीच्यांबद्दल दोन शब्द, कारण ते मनातून जात नाहीत. तुझ्याआधी जे गृहस्थ सॉफ्टवेअर घेऊन आले त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘प्लग पॉइंट कुठे आहे?’’ नोंदवही त्यांनी बाजूला सरकवली, तीही चहाच्या कपासकट. सॉफ्टवेअर चढवलं, कागदावर सही घेतली, गेले. पुढे फोन आला तो वार्षिक शुल्काचा. आणि प्रशिक्षणं! भरलेला हॉल, एक माऊस, तोही व्यासपीठावर, आणि दर पाच मिनिटांनी ‘‘सोपं आहे हो मॅडम.’’ ज्याला जमत नाही त्याला ‘सोपं आहे’ सांगणं म्हणजे ‘तूच ढ आहेस’ हे सभ्य शब्दांत सांगणं. तू एकदाही ते म्हणाला नाहीस. तू म्हणायचास, ‘‘थांबा, हे असं का झालं ते बघू.’’

त्या ‘का’ची उत्तरं इथे लिहून ठेवते. नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत कितीतरी शाळांत ग्रंथपाल एकटीच असते, आणि असंच काहीतरी बिघडलं की चूक आपलीच असं धरून गप्प बसते.

आधीचा सगळा डेटा जुन्या फाँटमध्ये भरलेला निघाला. डोळ्यांना मराठी दिसायची, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होती. फाँट त्यांच्यावर क, ख, ग असे मुखवटे चढवत होता. म्हणून दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून कचरा दिसायचा, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षरपद्धतीत, टाइप करून शोधलं की काही सापडायचं नाही. उपाय एकच, सगळं युनिकोडमध्ये आणणं. परिवर्तक वापरायचा, पण त्या नेमक्या फाँटचाच. एका कंपनीच्या फाँटला दुसरीचा परिवर्तक लावला की जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. तू आधी पन्नासच नोंदी बदलून नोंदवहीशी ताडायला लावल्यास, मग बाकीच्या. तो अर्धा तास वाया गेला असं तेव्हा वाटलं होतं. वाटलं होतं.

मग एक्सेल. एक्सेलला आकडा दिसला की हिशेब सुचतो. दाखल क्रमांक ००१२३ लिहिला की तो १२३ करून ठेवतो. तेरा आकडी आयएसबीएन ९.७८८ई+१२ असा काहीतरी दाखवतो. नुसता दाखवतो तोवर ठीक, आत पूर्ण आकडा असतो. पण तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की जे दिसतं तेच उतरतं आणि शेवटचे आकडे कायमचे गेले. भाग आणि प्रत मिळून ३-१२ लिहिलं की ती तारीख होते. म्हणून एक अक्षर भरण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांना ‘टेक्स्ट’ करायचं. नंतर केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. जतन करताना नुसतं ‘सीएसव्ही’ नाही, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं; नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

जुन्या पुस्तकांवरच्या दहा आकडी आयएसबीएनचंही असंच. तेरा आकडी क्रमांक २००७पासून आले. जुन्याच्या पुढे नुसतं ९७८ चिकटवून चालत नाही, कारण शेवटचा आकडा तपासणीचा असतो आणि तो बदलतो. जुना शेवटचा आकडा (किंवा तिथला एक्स) टाकून द्यायचा, पुढे ९७८ लावायचं, झालेल्या बारा आकड्यांना ओळीने एक, तीन, एक, तीन असं गुणून बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे लागतात तो तेरावा आकडा. बेरीज आधीच दहाच्या पटीत असेल तर शून्य. हे तू पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलंस. मग सूत्र दिलंस, पण आधी कागद.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘ऱ्य’ने. ‘दऱ्या’ हा शब्द असलेलं पुस्तक कपाटात समोर दिसतंय, एक्सेलच्या तक्त्यात दिसतंय, आणि शोधलं तर नाही. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. तू तक्त्यातलं ‘लेन’ हे सूत्र लावायला सांगितलंस: एका ‘दऱ्या’ची लांबी पाच आली, दुसऱ्याची सहा. जास्तीचं अक्षर म्हणजे ते अदृश्य चिन्ह, युनिकोडातला क्रमांक ८२०५. तसंच ‘ॲ’चं. एका कळीत उमटलेला ॲ एक अक्षर मोजला जातो, अ आणि वरचा चंद्र वेगळे टाइप केले की दोन. अर्ध्या नोंदी संगणक प्रयोगशाळेतल्या कीबोर्डवर आणि अर्ध्या मोबाइलवर भरल्या गेल्या होत्या, तिथेच घोळ. अदृश्य चिन्ह ‘शोधा आणि बदला’च्या चौकटीत टाइप करत बसायचं नाही, चुकीचा शब्द तक्त्यातूनच उचलून तिथे चिकटवायचा आणि एकदाच सगळीकडे बदलायचा. हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं रे. हरवलेली पुस्तकं हरवलेली नव्हती.

कोहात आणल्यावर मराठी शोध तरीही अडखळत होता, तेव्हा झेब्राच्या, म्हणजे कोहातल्या शोधयंत्राच्या, अनुक्रमणिकेला आयसीयू हा युनिकोडची अक्षरं सांभाळणारा संच लावून ती नव्याने बांधावी लागते हे तू शोधून काढलंस. ते तुझं तूच केलंस. त्यातलं मला अजून कळत नाही आणि कळल्याचा आव आणत नाही. (कोहा न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालयासाठी बनलं आणि २०००च्या जानेवारीत सुरू झालं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हे सांगताना तुझा चेहरा फार खूश होता.)

लेखकांच्या नावांपाशी मात्र गुरू-शिष्य उलटे झाले. नाशिकच्या शाळेत फेब्रुवारी लागला की प्रत्येक वर्गातून मागणी येते, कुसुमाग्रजांची सगळी पुस्तकं काढा. २७ फेब्रुवारी, त्यांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. शोधल्यावर कविता आल्या, नाटकं आलीच नाहीत, कारण नाटकांवर नाव वि. वा. शिरवाडकर. त्यातही कुठे ‘वि.वा.’ चिकटून, कुठे मध्ये जागा सोडून, कुठे पूर्ण विष्णु वामन. यंत्राच्या हिशेबी हे चार निराळे गृहस्थ. वर्गांकही वेगळे, काव्य ८९१.४६१ आणि नाटक ८९१.४६२, म्हणजे कपाटातही दोघे शेजारी नाहीत. तू म्हणालास, सगळीकडे एकच नाव करून टाकू. तसं करायचं नसतं. पुस्तकावर जे नाव आहे ते नोंदीत तसंच राहतं आणि दोन्ही नावं एकमेकांना ‘हेही पाहा’ने जोडली जातात. जुन्या तालिकेत त्यासाठी वेगळं कार्ड असायचं. कोहात ते अधिकृत नावांच्या फाइलमध्ये होतं. तू ऐकून घेतलंस आणि वहीत लिहून घेतलंस. शिकवायला आलेल्या माणसाने वही काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

बारकोडबद्दल थोडक्यात. कोड ३९चा फुकट फाँट वापरला तर क्रमांकाच्या आधी आणि नंतर तारकाचिन्ह हवंच, नाहीतर पट्टे सुंदर छापले जातात आणि स्कॅनर ढिम्म. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी. कागद वाचवायला कात्रीने अगदी काठापाशी कापलं की वाचन बंद. उष्णतेने छापणारी साधी थर्मल लेबलं एप्रिल-मेच्या उन्हात पुसट होतात, लेझर प्रिंटरवरची टिकतात. लेबल कण्यावर नको, तिथे ते वळतं. आणि स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच असल्यामुळे मराठी कीबोर्ड चालू असताना स्कॅन केलं तर क्रमांकातली इंग्रजी अक्षरं देवनागरी होऊन उमटतात. ‘स्कॅनर बिघडलाय’ म्हणून तो परत पाठवायला निघालेली मी, तू दोन कळा दाबून भाषा बदललीस आणि हसला नाहीस.

मुलांसाठी कपाटांवर क्यूआर चिकटवले तेही तुझ्यामुळे. गोष्टींच्या कपाटावर स्टोरीवीव्हरचा, संदर्भाच्या कपाटावर मराठी विश्वकोशाचा, वरच्या वर्गांसाठी भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचा. क्यूआर सरळ संकेतस्थळाच्या पत्त्याचा करायचा. चाचणीपुरत्या फुकट सेवेवरून फिरवून आणलेला केला की मुदत संपते आणि मूल मोबाइल धरून जाहिरातीपाशी उभं राहतं. मुलांच्या नावांची ऑनलाइन यादी ‘दुवा असलेला कोणीही’ अशी उघडी ठेवायची नाही. तिचं खातं शाळेच्या नावाचं, ग्रंथपालाच्या वैयक्तिक मोबाइलवरचं नको, कारण ग्रंथपाल निवृत्त होते आणि पासवर्ड तिच्याबरोबर घरी जातो. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे राखीव संकेतांक छापून, पाकिटात घालून कार्यालयाच्या तिजोरीत. पाकिटावर तू ‘शाळेची किल्ली’ असं लिहिलंस.

आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४०पासून उभं आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या पेट्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत वाचकांपर्यंत पोहोचतात. पुस्तकांसाठी पदरचा वेळ घालणारी माणसं या गावाला नवी नाहीत. तरी नव्या यंत्रांच्या बाबतीत ही माणुसकी कमी पडते, असं मला वाटतं. पुस्तक देताना कोणी वाचकाला ‘सोपं आहे हो’ म्हणत नाही. कुठे बसायचं ते दाखवतो, दिवा लावून देतो, आणि बाजूला होतो. तू नेमकं तेच केलंस.

पेन्सिलीचे आकडे मी खोडलेले नाहीत. नवीन नोंदवही आणली तेव्हा तिच्याही पहिल्या पानावर तेच आकडे लिहिले, पेन्सिलीनेच.

एक काम मात्र राहिलंय. चौथ्या नोंदवहीत एका पानावर कधीतरी पाणी सांडलंय आणि शाई पसरून अकरा नोंदी वाचता येत नाहीत. तू म्हणाला होतास, मोबाइलने फोटो काढून रंग उलटा केला आणि ठळकपणा वाढवला की कधी कधी अक्षरं वर येतात. माझ्याकडून तीनच आली. आठ बाकी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा बघू. नोंदवही वरच्याच खणात आहे.

तुझ्या,
ग्रंथालयातल्या बाई
नाशिक