जकार्डच्या पुठ्ठ्यांपासून नातवाच्या खेळापर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात संगणकावर आणि मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांविषयी तीन पत्रे प्रसिद्ध झाली. तिन्ही पत्रांचा सूर एकच होता. ही मुले हातची गेली आहेत, पालकांनी त्यांच्याकडून यंत्रे काढून घ्यावीत आणि सरकारने असे सगळे खेळ बंद करून टाकावेत, असे त्यांत म्हटले होते. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मीही जवळपास हेच शब्द लिहिले असते. परंतु या दोन वर्षांत १६ वर्षांच्या नातवाशेजारी खुर्ची टाकून बसण्याची मला सवय लागली. जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपण ज्याला सरसकट ‘गेम’ म्हणतो त्यात जुगार आणि खेळ या दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि आपला मुलगा यांपैकी काय करतो हे त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

मी सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूच्या एका कारखान्यात ३४ वर्षे चादरींची आणि टॉवेलांची नक्षी काढली. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मोराची मान कुठे वळते आणि काठावरचा वेल कुठे संपतो हे चौकोन मोजून ठरवायचे, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडून ते जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रावर, चढवायचे, असे ते काम होते. कागदावरचा एक चौकोन चुकला तर वाकडी चोच त्या मालातल्या प्रत्येक मोरावर उमटत असे, म्हणून रात्री घरी आल्यावरही डोळ्यांसमोर चौकोनच दिसत. हे इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

नातू अकरावीला विज्ञान शाखेत आहे. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि ज्या दिवशी येते त्या पहाटे मोटार लावणे, टाकी आणि पिंपे भरणे हे काम त्याच्याकडे असते. नंतर महाविद्यालय, दुपारी शिकवणी, संध्याकाळी वडिलांच्या दुकानात तासभर मदत, आणि कडक भाकरी, आमटी, शेंगाचटणीचे जेवण झाले की पावणेनऊ ते साडेदहा संगणकासमोर, असा त्याचा दिवस असतो. संगणक जुना आहे, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून घेतलेला. त्यात जास्तीची रॅम त्याने दिवाळीला मिळालेल्या पैशांतून आणून स्वतःच्या हाताने बसवली. रविवारी सकाळी तो क्रिकेट खेळतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हा, ज्या पेठेत दोन घरांमधून हातगाडी जेमतेम जाते तिथल्या मुलांनी बाहेर जाऊन नेमके कुठे खेळावे, हा प्रश्नही ‘मैदानावर जा’ असे सांगणाऱ्यांनी एकदा मनाला विचारावा.

त्याच्याबरोबर खेळणारी चार मुले आहेत. एक शहरातल्याच जुळे सोलापूर भागातला, एक अक्कलकोटचा, एक लातूरचा आणि चौथा आमच्याच पेठेतला, ज्याची आई विड्या वळते. या चौथ्याकडे संगणक नाही. तो फोनवर खेळतो आणि त्याचा रोजचा दीड जीबी डेटा संपला की बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, किंवा तो आमच्या घरी येऊन पाटावर बसतो. बोलताना मराठीत सुरू झालेले वाक्य तेलुगूत जाते आणि हिंदीत संपते. माझ्या लहानपणी कारखान्याच्या दारातल्या चहाच्या टपरीवर हेच मिश्रण ऐकू येत असे, त्यामुळे ते मला परके वाटत नाही.

आमच्याकडे आजही कोणत्याही खेळाला ‘पब्जी’ म्हणण्याची पद्धत आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी जी ११८ अॅप्स बंद केली त्यांत तो खेळ होता, पुढे जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची निराळी आवृत्ती निराळ्या नावाने आली, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडी नाव तेच राहिले. नातू तो खेळ कधीतरी मित्रांच्या आग्रहाने खेळतो. त्याचा जीव आहे तो ‘माइनक्राफ्ट’ या स्वीडनमध्ये तयार झालेल्या खेळात, ज्यात चौकोनी ठोकळे खणून काढायचे आणि त्यांतून हवे ते रचायचे असते.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री साडेअकरा वाजले तरी तो उठेना, म्हणून मी रागाच्या भरात मुख्य बटणच बंद केले. घरात अंधार झाला आणि त्याच्या संगणकावरचे पाच दिवसांचे काम नाहीसे झाले. तो ओरडेल, दार आपटेल, अशी माझी तयारी होती. त्याने मेणबत्ती लावली, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “आजोबा, रविवारी कॉपी काढून ठेवली होती, म्हणून पाचच दिवसांचं गेलं. नाहीतर सात महिन्यांचं गेलं असतं.” मी कारखान्यात उभ्या हयातीत मूळ कागदाची नक्कल काढल्याशिवाय कागद कुणाच्या हाती दिला नव्हता. ही शिस्त या मुलाला कोणी शिकवली, हे मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की, एकदा सगळे गेल्यावर आपोआप कळते. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली आणि सात महिने काय चालले आहे ते दाखव म्हणून खुर्ची ओढली.

पडद्यावर आपले सिद्धेश्वर मंदिर होते. चारही बाजूंनी तलावाचे पाणी, पाण्यातून मंदिराकडे जाणारी वाट, आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याच्या तटाची सुरुवात. या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात, म्हणून पोराने मंदिराच्या परिसरात जाऊन पावलांनी मापे घेतली होती. मला त्यात चूक दिसली. पावलाचे माप माणसागणिक बदलते, आणि घाईत असलेल्या माणसाचे पाऊल तर दर वळणावर बदलते. पुढच्या रविवारी सकाळी गर्दी होण्याआधी आम्ही दोघे टेप घेऊन गेलो, आणि घरी आल्यावर त्याने आधी रचलेल्या वाटेचा अर्धा भाग काढून पुन्हा रचला. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, त्याने उभे केले आहेत. त्या खेळात अख्खा दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांत सरतात, त्यामुळे तिथे अंधार पडला की यात्रेतले दिवे लागायला हवेत, असे त्याच्या मनात होते.

ते दिवे लावण्याची युक्ती त्याने मला समजावून सांगितली तेव्हा मी खरोखर थक्क झालो. त्या खेळात ‘रेडस्टोन’ नावाची लाल भुकटी असते, ती ठोकळ्यांवर ओळीने टाकली की तारेसारखी चालते. तिच्यातला संकेत १५ ठोकळ्यांपर्यंत पोहोचतो आणि मग विझतो. पुढे न्यायचा तर मध्ये त्याला पुन्हा जोर देणारा एक तुकडा बसवावा लागतो. संकेत आहे किंवा नाही, दिवा लागला किंवा विझला, याच दोन अवस्थांवर त्याने दरवाजे, दिवे आणि मोजणारी यंत्रेदेखील उभी केली होती. मी कपाटातून माझा एक जुना पुठ्ठा काढून त्याच्यासमोर धरला. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो, हे मी त्याला बोटाने दाखवले. त्याने पुठ्ठा दिव्यासमोर धरून भोके मोजली आणि विचारले, “म्हणजे तुम्हीसुद्धा प्रोग्राम लिहीत होतात?” दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी फ्रान्समध्ये जोसेफ जकार्डने हे पुठ्ठे मागावर चढवले आणि पुढे संगणकाच्या जन्मापर्यंत ही भोकांची भाषा चालत आली, हे मी कुठेतरी वाचले होते. परंतु माझ्या आयुष्यभराच्या कामाला घरात कोणी त्या नजरेने पाहिले, असे त्या रात्री पहिल्यांदाच घडले. आता आमच्या मोराची जुनी नक्षी तो ठोकळ्यांत उतरवतो आहे. कागद माझा, रंग त्याचे.

या खेळाशेजारी त्याचे आणखीही छंद आहेत. ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो वस्तूंच्या त्रिमिती आकृत्या काढतो, मित्रांच्या बिघडलेल्या कीबोर्डची बटणे दुरुस्त करतो, आणि पुण्याच्या एका छोट्या कंपनीने भारतीय पुराणकथांच्या आधारे तयार केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर गेला, हे त्याला पाठ आहे. असे काम आपल्याकडेही होऊ शकते, एवढे त्या मुलांना कळले आहे.

आता जुगाराविषयी. आमच्याच गल्लीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाने पत्त्यांच्या एका अॅपवर आधी पगार, मग बायकोच्या बचत गटातून काढलेले कर्ज आणि शेवटी तिचे गंठण घालवले. त्या घरी मी गेलो तेव्हा त्याची आई उंबऱ्यात बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘पोरगं गेम खेळायचं’ एवढेच सांगत होती. तिला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. मला वाटते आपला घोटाळा तिथेच आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, त्यात बेकायदा ठरवले आहेत. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही, कारण तो फसवला गेलेला मानला आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धांना, आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. ज्या पत्रलेखकांनी ‘सरकारने सगळे बंद करावे’ असे म्हटले, त्यांनी सरकारने ओढलेली ही रेघ पाहावी, अशी माझी विनंती आहे. गल्लीतल्या त्या तरुणाला आणि माझ्या नातवाला एकाच शब्दात बसवले, तर पहिल्याला मदत मिळत नाही आणि दुसऱ्याला उगाच लाज वाटू लागते.

पैसे न लावलेल्या खेळाचाही अतिरेक होतो, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परंतु त्यांची कसोटी किती तास खेळला ही नाही. खेळावरचा ताबा सुटला आहे का, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळ मोठा झाला आहे का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चालले आहे का, हे पाहावे लागते. असे कोणाच्या घरी दिसत असेल तर फोन हिसकावून काही साधत नाही. १४४१६ या ‘टेलि-मानस’ नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. नातवाबाबत आम्ही साडेदहाची वेळ ठरवली ती त्याला विचारून. सुरू केलेला डाव मध्येच सोडला तर चार मित्रांचे नुकसान होते, म्हणून शेवटचा डाव दहाच्या पुढे सुरू करायचा नाही, ही अट त्यानेच सुचवली. परीक्षेच्या महिन्यात फक्त शनिवार-रविवार. दोन वेळा त्याने ती मोडली, दोन्ही वेळा स्वतःहून सांगितले.

माझ्या दोन मागण्या आहेत. शहरातल्या वाचनालयांपैकी निदान एखाद्या ठिकाणी संध्याकाळी दोन तास चार-सहा संगणक मुलांसाठी खुले व्हावेत, म्हणजे विड्या वळणाऱ्या आईच्या त्या मुलाला दीड जीबी संपल्यावर दुसऱ्याच्या पाटावर बसावे लागणार नाही. आणि आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा, पाव पान का होईना, या मुलांना त्यांच्या खेळाविषयी मराठीत लिहायला द्यावे. त्यांच्याविषयी आपण सगळेच लिहितो. त्यांचे लिहिलेले मी अजून छापून आलेले पाहिले नाही. नातवाने गड्ड्याच्या दिव्यांवर दीड पान लिहून ठेवले आहे. शुद्धलेखन मी तपासले, मजकुराला हात लावलेला नाही.

भुईकोटाच्या तटाचे माप निम्मे राहिले आहे, ते घ्यायला येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघे जाणार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नक्षीकार,
सोलापूर