बाबांनी विचारलं, पगार किती?

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबांना सा. नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "काम सुरू झालं म्हणतेस, मग पगार किती?" आणि मी आईला फोन द्यायला सांगितला. तुम्हाला वाईट वाटलं असेल. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे पत्र.

बाबा, मला पगार नाही. मी इथे स्वतंत्र ट्रॅव्हल ॲडव्हायझर म्हणून काम करते, एका होस्ट एजन्सीच्या छत्राखाली. आपल्याकडे बाजार समितीत अडत्या असतो ना, परवाना त्याचा, गाळा त्याचा, माल शेतकऱ्याचा, आणि विक्री झाली की तो आपली अडत घेतो. होस्टचं साधारण तसंच. हॉटेलं आणि जहाज कंपन्या कमिशन देतात ते मान्यताप्राप्त एजन्सीच्या क्रमांकावर. तो क्रमांक होस्टचा. बुकिंग मी त्यावर करते, कमिशन आधी त्यांच्याकडे जमा होतं आणि ठरलेला वाटा मला मिळतो. माझा सध्या ७० टक्के आहे, धंदा वाढला की तोही वाढेल.

दादा म्हणाला, लोक मोबाइलवर स्वतःच तिकिटं काढतात, तुझ्याकडे कोण येणार? नुसतं तिकीट काढायला कोणी येतही नाही, आणि त्यात मिळतही नाही. १९९५ मध्ये डेल्टा या इथल्या विमान कंपनीने एजंटांच्या कमिशनला मर्यादा घातली, देशातल्या जाऊन-येऊन तिकिटाला फार तर ५० डॉलर. २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद केलं, आणि बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. तेव्हापासून इथल्या एजंटांची मिळकत हॉटेल, क्रूझ, टूर आणि प्रवास विमा यांवर आली. २०१८ मध्ये तर त्यांच्या मोठ्या संघटनेने, आस्टाने, आपल्या नावातला 'एजंट्स' शब्द काढून 'ॲडव्हायझर्स' केला. माझ्याकडे लोक येतात ते सल्ल्यासाठी. तीन पिढ्यांचा प्रवास, दोन देशांचे पासपोर्ट, गुडघे दुखणारी आजी, असं सगळं एकत्र आलं की मोबाइलवर दोन रात्री घालवून माणूस थकतो आणि फोन करतो.

आता पैशाचं खरं चित्र. ऑक्टोबरमध्ये एका जोडप्याचं पुढच्या जुलैचं हॉटेल बुक केलं. पाच रात्री, कर सोडून भाडं २,००० डॉलर. कमिशन १० टक्के, म्हणजे २००. माझ्या वाट्याला १४०. हे १४० डॉलर कधी मिळणार? ते लोक जुलैमध्ये राहून परत गेले, हॉटेलने पैसे होस्टला पाठवले आणि होस्टने आपला हिशेब केला, की मग. काम केल्यापासून दहा-अकरा महिन्यांनी. मध्येच त्यांनी बेत रद्द केला तर काहीच नाही. म्हणून मी आता मोठ्या सहलींना आखणीची फी आधीच घेते. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळली होती. क्रूझला टक्का जास्त असतो, पण प्रवासी भरतो त्या सगळ्या रकमेवर तो मिळत नाही. बंदराचं शुल्क, कर आणि भाड्याचाही काही भाग बाजूला काढून उरलेल्यावर मोजतात.

लोकांचे पैसे माझ्या हातात येतच नाहीत, त्यामुळे ती काळजी तुम्ही करू नका. कार्डावरून रक्कम थेट हॉटेलला किंवा जहाज कंपनीला जाते. कराचं मात्र मलाच बघावं लागतं. नोकरीत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचा निम्मा वाटा मालक भरतो, इथे दोन्ही निम्मे माझे, मिळून १५.३ टक्के. आयकर त्याहून वेगळा, आणि वर्षातून चार हप्त्यांत भरायचा. म्हणून येणाऱ्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते.

होस्ट निवडताना मी घाई केली नाही. एका ठिकाणी तासभर ओळख-बैठक झाली, त्यात प्रवासाबद्दल जेमतेम दहा मिनिटं आणि बाकी सगळं 'तुमच्या हाताखाली किती माणसं जोडाल' याबद्दल. मी तिथून उठले. जिथे आहे तिथे सही करण्याआधी मी दोनच प्रश्न धरून बसले. मी सोडून गेले तर माझे ग्राहक कोणाचे? आणि चालू बुकिंगचं कमिशन मला मिळणार का? दोन्हींची उत्तरं करारात लिहून घेतली. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तुमचंच.

आणि एक गोष्ट, जी मी यांनाही उशिरा सांगितली. मे महिन्यात एका मराठी कुटुंबाची अलास्काची क्रूझ बुक केली. मुलगा-सून ग्रीन कार्डवर, आई-वडील भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले. जहाज सिॲटलहून निघून सिॲटललाच परत. अलास्का म्हणजे अमेरिकाच, मग वेगळा व्हिसा कशाला, असं मी धरून चालले. ॲडव्हान्स भरून झाला होता. त्या रात्री मुलांना झोपवून रोजच्या बंदरांची यादी पुन्हा वाचायला घेतली, तर शेवटच्या संध्याकाळी लिहिलं होतं, व्हिक्टोरिया. ते कॅनडात आहे. इथे १८८६ चा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मुलगा-सुनेला ग्रीन कार्डामुळे कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण आई-वडिलांना लागतो, ते जहाजातून खाली उतरले नाहीत तरीही. व्हिसा नसता तर त्या दोघांना सिॲटलच्या धक्क्यावरूनच मागे पाठवलं असतं, आणि मुलाला ठरवावं लागलं असतं की आपण चढायचं की नाही.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आठला फोन करून चूक माझी आहे हे आधी सांगितलं, मग दोघांचे अर्ज शेजारी बसून भरले. जहाज सुटायच्या एकोणीस दिवस आधी व्हिसा आला. चुकीच्या सल्ल्याची भरपाई देणारा विमा माझ्याकडे आहे, पण त्या काकूंचा धक्क्यावरचा चेहरा विम्याने भरून निघाला नसता. तेव्हापासून मी तारखा आणि बजेट विचारायच्या आधी प्रत्येकाचा पासपोर्ट मागते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर ते यात आहे. सात वर्षं डिपेंडंट व्हिसावर मला एक डॉलर कमावता येत नव्हता. आज चार माणसं निश्चिंत झोपतात, कारण त्यांचे कागद मी तपासलेत.

यंदा मिळकत थोडी आहे. पुढच्या वर्षीच्या प्रवासांची बुकिंगं माझ्या वहीत आहेत, त्यांचे पैसे पुढच्या वर्षी दिसतील.

आता तुमचं. पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा अलास्का नक्की. तुमच्या दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा. मुदत कधी संपते ते बघा, आणि आईच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी तर नाही ना, तेही बघा. तसं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घेऊ.

आईला सा. न., दादाच्या पोरांना गोड पापा.

तुमची लेक