पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन नको

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षाला भाषेचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) पेपर असतो, म्हणजे हातात जेमतेम 30 तास. कोल्हापूरच्या महाविद्यालयांत हे तास बहुतेक निबंध लिहवून घेण्यात आणि त्यातल्या चुका खोडण्यात संपतात. लेखन शिकवायचे राहूनच जाते.

वर्गात कोण बसलेले असते, ते आधी पाहू. निपाणी-चिकोडीकडची, घरी कन्नड बोलणारी मुले. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांतली मुले. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. आणि 'काय करालास?' म्हणणारी आपल्या गावाकडची. यातल्या प्रत्येकाच्या चुकीला वेगळे कारण असते. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून तो मुलगा 'माझी पुस्तक' लिहितो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून 'ते खुर्ची', 'ते रस्ता'. सीमाभागात 'मी पुस्तक वाचलो' सर्रास ऐकू येते, कारण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे उर्दू माध्यमातली मुले ऱ्हस्व-दीर्घात अडतात आणि 'ळ'चा 'ल' करतात. कन्नड मुलांना 'ळ' आणि 'ण'चा त्रास नाही, ती अक्षरे त्यांच्याकडे आहेतच. सगळ्या वर्गाला शुद्धलेखनाचा एकच तक्ता वाटून भागत नाही ते यामुळे. इंग्रजीच्या पेपरात मात्र 'अ' आणि 'द' ही उपपदे सगळ्यांचीच चुकतात, कारण या चारही भाषांत तसा प्रकार नाही. तो धडा खुशाल सर्वांना एकत्र द्यावा.

पहिल्या आठवड्यात एकाच विषयावर दोन मजकूर लिहून घ्यावेत, वीस-वीस मिनिटांचे: एक मुलाला हव्या त्या भाषेत, दुसरा पेपरच्या भाषेत. शिक्षकाला कन्नड किंवा उर्दू वाचता आली नाही तरी बिघडत नाही. मुलाला तोंडी सांगायला लावावे. घरच्या भाषेत दोन पाने आणि मराठीत सहा ओळी असतील, तर त्याच्याकडे सांगायला भरपूर आहे, अडते ते मराठीत मांडताना. दोन्हीकडे सहाच ओळी असतील, तर विषय चुकलाय.

आणि विषय फार वेळा चुकतो. 'माझा आवडता नेता' म्हटले की गाइडमधला निबंध उतरतो. त्यापेक्षा विचारावे: गुऱ्हाळात काहिलीतल्या (मोठ्या कढईतल्या) रसावरची मळी का काढतात, भेंडीचे पाणी कशासाठी घालतात, पाक झाला हे गुळव्या कशावरून ओळखतो? मागाच्या घरातल्या मुलीला विचारावे: सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ देतात तिथून, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) आल्यापासून कापड उतरेपर्यंत काय काय होते? पहिल्या खर्ड्यात, म्हणजे कच्च्या मसुद्यात, शब्द सुचतील त्या भाषेतले येऊ द्यावेत. दुसऱ्या खर्ड्यात ज्याने गुऱ्हाळ किंवा माग कधी पाहिलेला नाही, अशा वाचकाला ते समजावून द्यायला लावावे. लेखनाची खरी मेहनत इथे आहे.

खर्डे तीन हवेत. पहिल्यावर शिक्षकाने समासात दोनच प्रश्न लिहावेत, 'रस किती वेळ उकळतो?' अशासारखे; चूक एकही दुरुस्त करू नये. दुसऱ्या खर्ड्यात क्रम आणि परिच्छेद पाहावेत. भाषा तिसऱ्यात, तीही दोनच प्रकारच्या चुका निवडून. प्रत्येक प्रकाराच्या पहिल्या दोन जागा अधोरेखित कराव्यात, उरलेल्या मुलाने स्वतः शोधाव्यात. पहिल्याच खर्ड्यावर चाळीस लाल खुणा केल्या, तर मूल पुढच्या वेळी चुकणार नाही एवढेच लिहिते: आखूड वाक्ये, बिनचूक आणि पोकळ. शिवाय ज्या वाक्यावर आपण मेहनत घेतली, ते पुढच्या खर्ड्यात उरतही नाही.

शंभर मुलांचे खर्डे पाच-पाच मिनिटांनी वाचायचे तर आठ तासांहून जास्त लागतात, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून शिक्षकाने आठवड्याला पंचवीस वाचावेत, बाकीच्यांनी जोडीने एकमेकांचे वाचावेत. जोडी वेगळ्या घरभाषेची असावी आणि प्रश्न ठरलेले: कुठे समजले नाही? कशाबद्दल आणखी हवे? व्याकरण एकमेकांचे तपासू देऊ नये. आत्मविश्वास जास्त असलेला मुलगा दुसऱ्याचे बरोबर वाक्यही चुकीचे करून टाकतो.

नक्कल रोखायला दटावणी पुरत नाही. दहावीपर्यंत पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे लिहिले की गुण मिळालेले असतात, मग मुलांना त्यात गैर का वाटावे? परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगायचे, मग लिहायचे आणि शेवटी मुळाशी ताडून पाहायचे. मधला सांगण्याचा टप्पा गाळला की मूळ वाक्य पुन्हा तसेच उतरते. मोबाइलवरून भाषांतर केलेल्या मजकुराचेही तेच: खर्डे सोबत जोडायला लावले आणि दोन वाक्ये तोंडी समजावून मागितली की कळते.

अंतर्गत 20 गुणांतले 8 खर्ड्यांत झालेल्या बदलांना, 8 आशय आणि मांडणीला, 4 अंतिम भाषेला असावेत. याला कुणी ढिलाई म्हणू नये. अंतिम प्रत प्रमाण मराठीतच हवी. नोकरीचा अर्ज याच मुलांना लिहायचा आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांच्या परिषदेने विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेचा हक्क 1974 मध्येच ठरावाने मान्य केला. शाहू महाराजांनी तर 1901 पासून वसतिगृहे उभी करून जातीजातींच्या मुलांना या शहरात शिकण्याची सोय केली. त्याच शहरात घरच्या बोलीपायी मुलाने लिहायलाच घाबरावे, हे आम्हाला मान्य नाही.

अभ्यास मंडळांनी अंतर्गत मूल्यमापनात खर्ड्यांचे गुण यंदाच धरावेत. प्राचार्यांनी या पेपरचे दोन तास लागोपाठ ठेवावेत. सुट्या तासात हजेरी, लिहिणे आणि जोडीने वाचणे एवढे सगळे मावत नाही.

– महाविद्यालयांत भाषा शिकवणारे काही अध्यापक, कोल्हापूर