माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढा, आणि स्पूल मशिनसाठी हात सैल सोडा : आवाहन

नमस्कार मंडळी,

आपलं मंडळ आकाशवाणीच्या जुन्या कार्यक्रमांच्या टेपा आणि कागदपत्रं गोळा करतंय, त्यासाठी गेल्या वर्षी केलेल्या आवाहनाला अंगठे भरपूर आले, "स्तुत्य उपक्रम" पण पुष्कळांनी लिहिलं, पण प्रत्यक्षात पिशवी घेऊन किंवा पाकीट घेऊन जिना चढून आलेले लोक तेच, नेहमीचे. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी परत लिहितोय कारण आपलं स्पूल मशिन, म्हणजे मोठ्या चकत्यांवरच्या जुन्या टेपा वाजवायचं यंत्र, बंद पडलंय आणि कपाटात निम्म्याच्या वर टेपा अजून कॉम्प्युटरवर घ्यायच्या राहिल्यात.

१९६३ ला सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, मीडियम वेव्हच्या १२५१ वर काटा लावला की आपला आवाज, आपल्या बोलीतला, घरात यायचा. शेतीच्या गप्पा, बाजारभाव, भजनी मंडळं, कुणाच्या तरी मामाची मुलाखत. पण त्या काळी टेप महाग, त्यामुळे आकाशवाणीत एक कार्यक्रम वाजून झाला की बऱ्याचदा तीच टेप पुसून पुढचा त्यावर घेत. म्हणजे जे केंद्रात उरलं नाही ते उरलंच असेल तर श्रोत्यांच्या घरात, रेडिओला टेपरेकॉर्डर टेकवून केलेल्या कॅसेटीत. कलाकारांना आलेली करारपत्रं, निवेदकांच्या हातच्या संहिता, फीची तिकिटं चिकटवलेली रेडिओ लायसन्सची पुस्तकं हे सगळं पण घरातच. आपलं मंडळ तेच गोळा करतंय, बाकी काही नाही.

आणि काय काय मिळालं ते एकदा नीट सांगू द्या, कारण ज्यांनी दिलं त्यांचं ऋण आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका घरानं वडिलांनी जपलेली स्पूलं दिली, पांढऱ्या कापडात गुंडाळून, प्रत्येकावर पेन्सिलीनं राग आणि तारीख. ज्या गावात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे आणि उरुसात अजून गवई हजेरी लावतात, तिथं असं घर निघणारच म्हणा, पण देताना त्या घरातल्या आजी म्हणाल्या "ऐकायला या म्हणून बोलवा हं", तेवढीच त्यांची अट. कोरेगावकडच्या एका गुरुजींच्या मुलानं तर खजिनाच आणून टाकला. १९५६ ला पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांचे रेडिओ गट चालवले होते, पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, त्यात तेव्हाचा उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा, पण होता. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम ऐकून चर्चा करायचे आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, त्याची उत्तरं परत रेडिओवरून यायची. गुरुजी त्या गटाचे लेखनिक, त्यांची वही आता आपल्याकडे आहे. उंदीर, खत, विहीर, सगळे प्रश्न जसेच्या तसे. माझ्या मते आपल्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, टेपांपेक्षाही. आणि बँकेतून रिटायर झालेले आपले काका, ज्यांनी स्वतःचं स्पूल मशिन दिलं आणि पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी येऊन स्वतः चालवलं, त्यांना विसरणं शक्यच नाही.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मंडळाच्या पोरांनी रात्रीत खोकी वरच्या मजल्यावर नेली, स्वतःच्या घरातलं सामान नंतर. त्याच पुरात गावभागात, हरभट रोडला किती घरांतल्या कॅसेटी चिखलात गेल्या याचा हिशोबच नाही. २०२१ ला परत पाणी. म्हणून घाई करतोय.

शिवाय टेप नुसती ठेवून पण टिकत नाही. चिकट होते, बुरशी धरते, १२० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी तर इतकी पातळ की ताणली जाते. एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला एक तासच लागतो, त्यात शॉर्टकट नाही, आणि नीट दर्जानं घेतली तर तासाला दोन जीबी जागा. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक सांगलीबाहेर, पुराच्या वाटेत नको.

आणि टेप घेतली तरी आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं कमी होत चाललीत. ज्यांनी केंद्रात काम केलंय, गायलंय, नाटुकल्यात भाग घेतलाय त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी एक दुपार येऊन कान द्यावा, पैशापेक्षा हे मोठं दान होईल. एका संस्थेनं मागे "मदत करू" म्हणून फोटो काढून नेले, पुढे फोन उचलला नाही. आता आपल्याच माणसांवर भिस्त आहे.

तर लागणार काय : मशिनचा पिंच रोलर, बेल्ट, हेड आणि मिस्त्रीची मजुरी, दोन हार्ड डिस्क, ओल शोषणारं सिलिका जेल, झाकणाचे डबे, सगळं मिळून अंदाजे पंचेचाळीस हजार. शंभर रुपये पण चालतील, पावती मिळेल. खातं जुनंच, नंबर पावतीपुस्तकाच्या मागे आहे, नसेल तर खजिनदारांना विचारा, रोख देणार असाल तर शनिवार-रविवार संध्याकाळी सहा ते आठ मंडळात, बाकी दिवशी कुणी नसतं. चालू स्पूल मशिन कुणाकडे पडून असेल तर आधी कळवा. टेपा परत हव्या असतील तर तसं लिहून द्या, परत मिळतील. यूट्यूबवर टाकणार नाही, आकाशवाणीच्या परवानगीशिवाय कुठेच टाकणार नाही, इथं बसून ऐकायचं. दिवाळीच्या साफसफाईआधी माळा बघा, एकदा भंगारवाल्याकडे गेलं की संपलं.

आणि एक, कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर चालते का बघायला घरी लावू नका, पट्टी तुटते. तशीच कोरड्या पिशवीत घालून आणा.

– आपला, सचिव