बॅलर्डच्या काकांना

ती. काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच हवापाण्यावर घसरता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

जुलैत आई-बाबा सिएटलला आले आणि नेमकी तेव्हाच माझी ठरलेली रजा रद्द झाली. पहिला आठवडा बाबांनी खिडकीशी बसून काढला. "इथे माणसंच दिसत नाहीत," एवढं एकच वाक्य. तुमची-माझी ओळख म्हणाल तर गणपतीत दोनदा भेटल्याची, तरी तुम्ही म्हणालात, "मंगळवारी दोघांना माझ्याकडे सोड."

त्या दिवसाची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. बॅलर्ड लॉक्ससाठी, म्हणजे तळं आणि समुद्र यांच्यामध्ये बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजेबंद हौदांसाठी, तुम्ही तास धरला होतात. बाबा तीन तास हलले नाहीत. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेला माणूस! रात्री जेवताना पोळीचे दोन तुकडे उभे करून त्यांनी मला दरवाजे समजावले. वरचं तळं समुद्रापेक्षा वीसेक फूट उंच, म्हणून दरवाज्याची दोन्ही पानं सरळ न मिटता वरच्या पाण्याकडे कोन करून मिटतात. पाणीच त्यांना दाबून धरतं. "आणि भरायला पंप नाही, नुसता उतार. १९१७ पासून!" आमटी कलंडली. आई चक्क काही बोलली नाही.

आईचं मन माशांच्या शिडीत अडकलं होतं. २१ पायऱ्या चढून सॅमन अंडी घालायला जन्मगावच्या पाण्यात जातात, हे तुम्ही काचेपाशी सांगितलंत. ती म्हणे, "बाळंतपणाला माहेरी चालल्यात." मात्र आपल्या रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणणाऱ्यांना तिने मोडीत काढलं.

बर्गन प्लेसच्या छोट्या बागेत झेंड्यांखाली बसून डबा खाल्लात, मग नॉर्डिक, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांचं, म्युझियम. तिथल्या वस्तूंपेक्षा तुमचं ल्यूटफिस्कचं वर्णनच आईच्या लक्षात राहिलं. सुकवलेला कॉड क्षाराच्या पाण्यात भिजवून पार लिबलिबीत करायचा! "बोंबलाची अशी वाट लावली असती तर सासूबाईंनी घराबाहेर काढलं असतं."

शिलशोलच्या बोटींच्या धक्क्यावरचा, जुन्या नॉर्स दर्यावर्दी लेइफ एरिक्सनचा पुतळा १९६२ चा, १७ फुटी. मला तो जरा आढ्यतेखोरच वाटतो. पण बाबा पुतळ्याकडे बघतच नव्हते म्हणे. भोवती कोरलेली, नॉर्डिक देशांतून आलेल्या लोकांची नावं वाचत होते. "ही सगळी मोठी माणसं का?" तुम्ही म्हणालात, "छे हो, कुणी मासे धरायला आलं, कुणी लाकडाच्या गिरणीत." मग अडखळत, एकेक नाव मोठ्याने. गोल्डन गार्डन्सचा सूर्यास्त त्यापायी हुकणार होता, पण तुम्ही घाई केली नाहीत. काका, त्याबद्दल विशेष आभार.

दोघं परत गेली. काल बाबांचा फोन आला. माझी चौकशी नंतर, आधी, "मोठं लॉक भरायला नेमकी किती मिनिटं लागतात? काकांना घड्याळ लावून बघायला सांग."

तेवढं कळवा.

तुमची,
बेलव्ह्यूची पोर