वाडीतल्या म्हाताऱ्यांनी बसायचे कुठे?

महोदय,

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या बातम्या यंदाही वाचल्या. शाल, श्रीफळ, मोफत साखर तपासणी. कार्यक्रम चांगलेच, पण बहुतेक सगळे तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि त्यांतली ७ कोटींहून अधिक खेड्यांत राहणारी. ज्येष्ठ नागरिक संघ मात्र एसटी स्टँडवरून चालत जाता येईल एवढ्याच टापूत निघतात, असे मला दिसते.

मी एसटीत वाहक होतो. निवृत्तीनंतर संगमेश्वर तालुक्यातल्या मूळ गावी राहतो. आमच्या वाडीतली निम्मी घरे गणपती-शिमग्यापुरती उघडतात, उरलेल्यांत एकेकटी म्हातारी माणसे. कोकणातले गाव घाटावरच्यासारखे एका जागी नसते. एक वाडी इथे, दुसरी पऱ्यापलीकडे (ओढ्यापलीकडे), मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. गुडघे गेले की शेजारची वाडीसुद्धा परगाव. पुरुष निदान दुकानाच्या फळीवर टेकतात. बायकांनी कुठे टेकायचे?

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. वरच्या वाडीतली एक आजी तेव्हापासून दर बाजाराला सकाळच्या गाडीने तालुक्याला जाते. पिशवीत येताना कधी पावशेर मिरच्या, कधी काहीच नाही. एकदा विचारले, तर म्हणाली, "बाजार कसला रे, दोन शब्द बोलायला जाते. घरात टीव्ही बोलतो, पण त्याला माझे कुठे ऐकू येते?" सवलत देणाऱ्यांच्या हे मनातही नसेल, पण आमच्याकडे ज्येष्ठांचा क्लब म्हणजे ती लाल गाडीच.

गेल्या वर्षीपासून आम्ही दर मंगळवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात जमतो. दहा-अकरा जण, त्यांत बायकाच जास्त. मी पेपर मोठ्याने वाचतो (निधनवार्ता आधी, असा आग्रह असतो). पेन्शन जमा झाल्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर आलाय ते बघून देतो. गावातल्या आशा सेविका जमेल तेव्हा बीपीचे मशीन घेऊन येतात. कुणी फणसाच्या आठळ्या भाजून आणते. वेळ कसा जातो कळत नाही.

अडचणी दोन. देवळापाशी स्वच्छतागृह नाही, म्हणून बायका तासाभरातच उठतात. हे त्या कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो. दुसरी सुतकाची. यंदा पावसाळ्यात आमच्यातल्या एकीचे यजमान गेले. देवळात यायचे नाही, म्हणून ती माउली दिवस होईपर्यंत घरातच बसून. माणसांत बसायची गरज तिला त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त होती. देव काही म्हणाला नसता, पण रीत ती रीत.

वाडीतच पटसंख्येअभावी बंद झालेली शाळा आहे. दोन खोल्या, छप्पर धड, स्वच्छतागृहही आहे. मंगळवारची दुपार तेवढी एक खोली मिळावी म्हणून अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने ठराव आणायला सांगितला, ठराव नेला तर साहेब बदललेले. कुलूप आता गंजले आहे.

नव्या इमारती, फलक, उद्घाटने यांतले काही नको. जिल्ह्यात अशा जितक्या शाळा रिकाम्या आहेत, त्यांची एकेक खोली त्या त्या वाडीतल्या ज्येष्ठांना वापरू द्यावी आणि किल्ली वाडीतच ठेवावी. किल्ली तालुक्याला राहिली तर ती आणण्यातच मंगळवार संपेल. हात असलेल्या चार खुर्च्या आणि पाखाडीला एका बाजूने धरायला लोखंडी पाइप, एवढा खर्च मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांचे मंडळ करायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी