लक्ष्मीपूजन यंदा एकाच गादीवर

दोन्ही घरच्या मंडळींनो, यंदाचं लक्ष्मीपूजन गुजरीतल्या जुन्या सराफी पेढीवर, संध्याकाळी ६ वाजता, एकत्र. वहीही एकच. पहिल्या पानावर 'श्री' थोरले काका लिहितील, सही धाकट्या काकांची. (आधी कोण, यावरून परवा पुन्हा वाजणार होतं, आजीने दोघांनाही गप्प केलं.)

वाटणीत तागडी एका घरी गेली, वजनांची पेटी दुसऱ्या घरी. दोन्ही आठवणीने आणा. पेटीतलं पाव तोळ्याचं पितळी वजन ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप परत ठेवावं, कुणी विचारणार नाही.

माल दुसऱ्या दिवशी मोजू. एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक) नसलेले साज, ठुशा वेगळ्या डब्यात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या चार शिक्क्यांच्या हॉलमार्कचा, एचयूआयडी नसलेला माल विकायला चालत नाही, हॉलमार्किंगला पाठवावा लागेल.

फराळ धाकट्या काकूंकडून.